कोणत्या महिन्यात यावं

श्रीयुत लीवेन,
पत्र पोचलं. तुमचं अक्षर पहिल्यांदाच पाहिलं.
एकोणीस वर्षं खोलीसाठी गोदेलीव्हबाईच लिहायच्या.

विचारता, आता ऑगस्टचं बंधन उरलं नाही,
शाळा त्यांची होती, सुट्टी त्यांची होती,
तर तुमच्या गावी यायला उत्तम महिना कोणता?

नगरपालिकेच्या पत्रकात बाराही उत्तम आहेत.
माझं ऐकणार असाल तर सांगते.

एप्रिलमध्ये संत्र्यांना फुलं येतात.
वास असा, की बँकेतला माणूस नोटा मोजताना चुकतो.
पण पाणी म्हणजे बर्फ. आणि किनाऱ्यावर ट्रॅक्टर,
हिवाळ्यानं लोटून दिलेलं समुद्रगवत उपसत.
शिमो म्हणतो, त्या गवतानंच वाळू धरून ठेवलीय,
उपसा, आणि मग बसा वाळू विकत आणत.
त्याचं कोण ऐकतं?
पाहुण्यांच्या पायाला गिळगिळीत लागायला नको.

जून चांगला. जूनमध्ये मी चांगली नसते.
बावीस गाद्या उन्हात, रंगाऱ्याशी भांडण.
तेविसाच्या रात्री वाळूत होळ्या पेटतात,
घराघरातून मोडकं लाकूड गोळा करत पोरं येतात,
मी दरवर्षी एक खुर्ची देते.

जुलै-ऑगस्ट तुम्हाला ठाऊक.
छत्रीला छत्री, मुंगीला वाट नाही.
म्हातारे पहाटे सहाला खुर्च्या मांडून जागा अडवतात
आणि घरी जाऊन पुन्हा झोपतात.
बाई हसायच्या त्यांना. मग एका वर्षी
त्यांनीच सहाचा गजर लावला.
तुम्ही झोपला होतात.
मी जिन्यात पाहिलं त्यांना,
काखेत दोन खुर्च्या, पायात तुमच्या चपला.

नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी, सरकारी सवलतीत, बसच्या बस.
रात्री हॉटेलात समुद्राकडे पाठ करून नाचतात.
सुखी असतात.
तुम्ही रमणार नाही त्यांच्यात. नाचायला दुसरं माणूस लागतं.
(हे वाक्य खोडणार होते. राहू दे.)

जानेवारीचं कुणी विचारत नाही.
दर्याकाठच्या अख्ख्या रस्त्यावर रात्री सात खिडक्या उजळलेल्या.
मोजल्यात मी.
बाकीच्यांच्या झडपा वाऱ्यानं वाजतात,
आत कुणीतरी आहे असं वाटत राहतं.

राहिला ऑक्टोबर.
सप्टेंबर सरता सरता एक वादळ येतं,
गल्ल्यांतून चिखल, तळघरात गुडघाभर पाणी,
दोन दिवस पंप चालतो आणि शिमोचं तोंड.
मग आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं,
हवेत गारवा,
आणि समुद्राला अजून कुणी सांगितलेलंच नसतं
की उन्हाळा गेला.
अंगाला कोमट लागतो.

त्या आठवड्यात मी दाराला पाटी लावते : बंद.
न्हावी बंद. औषधांचं दुकान अर्धा दिवस.
तीन महिने ज्यांनी समुद्र
ट्रेमधल्या ग्लासांवरून पाहिला
ते आम्ही सगळे खाली उतरतो,
ढिल्या झालेल्या कपड्यांत, पांढऱ्याफटक पायांनी.
पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहून गप्पा मारतो,
विजेच्या बिलाच्या, कुणाच्या गुडघ्याच्या.

हा आठवडा आम्ही कुणाला सांगत नाही.
चौकशी आली की लिहितो, मे उत्तम, मे.

इथवर लिहून पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं.

चौदा तारखेला या.
खोली मिळणार नाही, म्हटलं ना, बंद आहे.
मागची, बहिणीची, रिकामी आहे. नळ गळतो.
त्यांची निळ्या पट्ट्यांची खुर्ची माळ्यावर आहे.
यंदा पोरं आली तेव्हा हातात घेतली होती,
नाही दिली.
कापड विरलंय. एक माणूस पेलेल अजून.

टॉवेल आपला आणा.

रेमेई